पहिला पैसा कोणी दिला?

दिवस पहिला, सोमवार : कोपनहेगन

हत्ती बघून सर थबकले. दगडात कोरलेले चार हत्ती, जवळजवळ खऱ्या हत्तीएवढे, पाठीवर मनोरा पेललेले आणि अंगावर स्वस्तिक. "अगं, हे देऊळ आहे की बिअरचा कारखाना?"

कारखानाच. कार्ल्सबर्गचं हे हत्तीद्वार १९०१ सालचं. नाझींच्या कितीतरी आधी ही कंपनी स्वस्तिक शुभचिन्ह म्हणून वापरत होती.

विद्यापीठं बघायला निघालेली दोन माणसं पहिल्याच दिवशी बिअरच्या कारखान्याच्या दारात काय करत होती, ते सांगायला हवं. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. गेली चार वर्षं 'उद्योग-संस्था समन्वय' नावाचं खातं माझ्या गळ्यात आहे. म्हणजे सामंजस्य करार करायचे. करार होतो, हस्तांदोलनाचा फोटो निघतो, फाईल कपाटात जाते. अशा एकवीस फायली झाल्या. सर मला शिकवायला होते, आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, "फायली मोजत बसू नकोस. हे नातं जिथे खरंच नांदतंय तिथे जाऊन बघू." सरांना प्रवासाची हौस, आणि त्यांचा एक सिद्धांतही आहे: कुठल्याही विद्यापीठाला पहिला पैसा कोणी दिला ते सांगा, बाकी सगळं मी सांगतो.

या सिद्धांतासाठी कार्ल्सबर्गइतकी सोयीची जागा नाही. याकोब क्रिस्टियन याकोबसेन या माणसाने १८४७ मध्ये हा कारखाना काढला. १८७५ मध्ये त्याने आवारातच प्रयोगशाळा उभारली आणि १८७६ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापून तिची सूत्रं डॅनिश विज्ञान अकादमीने निवडलेल्या पाच शास्त्रज्ञांकडे दिली. पुढे मुलाशी बिनसलं. १८८७ मध्ये याकोबसेन वारला तेव्हा कारखानाच प्रतिष्ठानाच्या मालकीचा झाला. आजही कंपनीवर ताबा प्रतिष्ठानाचाच. प्राध्यापक मंडळी बिअर कंपनीची मालक! सर दोनदा हसले.

प्रयोगशाळेला याकोबसेनने अट घातली होती की इथला कोणताही महत्त्वाचा शोध गुपित ठेवायचा नाही. १८८३ मध्ये एमिल क्रिस्टियन हान्सेनने बिअरच्या यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी करून वाढवायची रीत शोधली. कधी बिघडेल याचा नेम नसलेल्या बिअरवरचा तो रामबाण उपाय होता. दुसऱ्या कोणी तो तिजोरीत ठेवला असता. यांनी इतर कारखान्यांनाही देऊन टाकला. शाळेत आम्लता मोजायला शिकवतात तो पीएच, तोही याच प्रयोगशाळेतला, १९०९ चा, सोरेन्सेन यांचा. रसायनशास्त्राचे सर असूनही आमच्या सरांना हे माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते त्याबद्दल स्वतःवर रागावलेले होते.

दिवस दुसरा, मंगळवार : कोपनहेगन

अणुशास्त्रज्ञ नील्स बोर ज्या घरात राहायचे ते मानाचं निवासस्थानही याच आवारात. कारखान्यातून त्यांच्या स्वयंपाकघरात थेट बिअरचा नळ होता अशी एक आख्यायिका आहे. सरांना ती खरी ठरायला हवी होती, पण ती निव्वळ दंतकथा समजली जाते.

दुपार मात्र वेगळ्याच गोष्टीत गेली. औगुस्ट क्रोग हे इथले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक, १९२० चे नोबेलविजेते. पत्नी मारी डॉक्टर, आणि स्वतः मधुमेही. १९२२ मध्ये दोघं अमेरिकेत असताना टोरांटोतल्या इन्शुलिनची बातमी कानावर आली, तेव्हा ते तिथे गेले आणि ते बनवायची परवानगी घेऊन परतले. टोरांटोच्या शोधकांनी आपलं पेटंट प्रत्येकी १ डॉलर घेऊन विद्यापीठाला देऊन टाकलं होतं, म्हणून परवानगी द्यायला विद्यापीठ मोकळं होतं. १९२३ मध्ये इथे नॉर्डिस्क इन्शुलिन प्रयोगशाळा उभी राहिली. आजच्या नोवो नॉर्डिस्कचं एक मूळ ते. याही कंपनीवर ताबा एका प्रतिष्ठानाचा आणि नफ्याचा मोठा ओघ संशोधनाकडे.

म्हणजे सगळं आलबेल? विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये पीएचडी करणारी एक मुलगी आमच्या टेबलावर आली. ती म्हणाली, "देश छोटा, प्रतिष्ठान मोठं. जीवशास्त्रात काम करणाऱ्याला विचारायला हवं की तुला खरंच हा प्रश्न पडलाय, की या प्रश्नाला पैसे आहेत म्हणून पडलाय." मग हसून म्हणाली, "मी मध्ययुगीन हस्तलिखितांवर काम करते. मला बिअरवाले पैसे देतात." कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान मानव्यविद्यांनाही मदत करतं, हे आम्हाला तिच्याकडून कळलं.

दिवस तिसरा, बुधवार : गाडीत

हॅम्बुर्गला पुढची गाडी चुकली. फलाटावर तीन तास. सरांनी तेवढ्यात हुम्बोल्टचा विषय काढला. १८१० मध्ये बर्लिनचं विद्यापीठ निघालं तेव्हा प्रशिया या जर्मन राज्याचं शिक्षणखातं सांभाळणाऱ्या विल्हेल्म फॉन हुम्बोल्टने 'एकांत आणि स्वातंत्र्य' हे दोन शब्द वापरले. सरकारने पैसे द्यावेत आणि बाजूला व्हावं. बाजाराचा तर प्रश्नच नाही. सगळं जग ज्याला जर्मन विद्यापीठ म्हणून डोक्यावर घेतं ते हे. पण ज्या जर्मनीने यंत्रं विकली ती दुसरीच. तिची तांत्रिक महाविद्यालयं जुन्या विद्यापीठांच्या नजरेत कमअस्सल होती. डॉक्टरेट द्यायचा हक्क प्रशियातल्या या संस्थांना १८९९ पर्यंत नव्हता, तो कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, आपल्या अधिकारात दिला. "लोहाराला पंडित म्हणायला राजाज्ञा लागली," सर म्हणाले. रात्री उशिरा आखेन.

दिवस चौथा, गुरुवार : आखेन

इथल्या तांत्रिक विद्यापीठाचं दार १८७० मध्ये उघडलं. पहिला पैसा? १८५८ मध्ये प्रशियाच्या राजपुत्राला आखेनच्या अग्निविमा कंपनीने तांत्रिक शिक्षणसंस्थेसाठी दिलेली ५,००० थालरची देणगी. सर खूश. विमा कंपनीने दिलेल्या पैशांतून निघालेली संस्था मोजूनमापूनच चालणार, हे त्यांचं भाकीत. आणि ते बरंचसं खरं निघालं.

मेलाटेन भागात विद्यापीठ आणि उद्योग यांच्यामधली भिंत शोधूनही सापडत नाही. एका इमारतीत विद्यापीठाची यंत्रशाळा, शेजारी उद्योगांसाठी उपयोजित संशोधन करणारी फ्राउनहोफर संस्था, पलीकडे कंपन्यांनी घेतलेले मजले. यंत्रशाळा म्हणजे १९०६ पासूनचं मशीन टूल्सचं अध्यासन. फ्राउनहोफर संस्थेचा प्रमुख बहुधा विद्यापीठात प्राध्यापकही असतो, त्यामुळे एकाच माणसाच्या खिशात दोन्हीकडच्या किल्ल्या. फ्राउनहोफर १९४९ पासूनचं. तिथला हिशोब असा, की साधारण ३० टक्के पैसा सरकार बिनशर्त देतं. उरलेला करार मिळवून आणायचा, काही उद्योगांकडून, काही सरकारी प्रकल्पांतून. ज्या मुलाने आम्हाला फिरवलं तो 'हीवी' होता, म्हणजे तासांवर पगार घेऊन प्रयोगशाळेत राबणारा विद्यार्थी. अर्धी प्रयोगशाळा या हीवींच्या खांद्यावर असते. त्याच्या तोंडात एक शब्द सारखा येत होता, 'ड्रिटमिटेल'. तिसऱ्याचा पैसा. सरकारचाही नाही, विद्यापीठाचाही नाही, तिसऱ्याचा. प्राध्यापकाची पत इथे या तिसऱ्याच्या पैशावर मोजतात. अभियांत्रिकीच्या खुर्चीवर येणाऱ्या माणसाने आधी काही वर्षं कंपनीत काढलेली असतात, त्यामुळे 'उद्योगाशी संपर्क' नावाचं वेगळं खातं हवंच असं नाही. हे ऐकून मी गप्प बसले.

रस्त्यावर पिवळी विजेची टपालगाडी दिसली. ही स्ट्रीटस्कूटर, २०१० मध्ये याच विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी सुरू केलेल्या कंपनीतली. मोठ्या मोटारकंपन्यांना पोस्टापुरती लहानशी विजेची गाडी करण्यात रस नव्हता. २०१४ मध्ये डॉईच पोस्टने ती कंपनीच विकत घेतली. टपालखातं मोटारी बनवू लागलं. पण तो धंदा काही पोस्टाला झेपला नाही आणि २०२२ मध्ये कंपनी पुन्हा विकली गेली. हीवी म्हणाला, "गाड्या फिरतायत ना? मग झालं." अभियंत्याचं उत्तर.

मी त्याला विचारलं, ज्या प्रश्नाला कोणतीच कंपनी पैसे देणार नाही त्याचं काय? "त्यासाठीच ते ३० टक्के," तो म्हणाला, "पण त्यातूनच छपराची गळतीही काढायची असते."

दिवस पाचवा, शुक्रवार : लुवेन

शुक्रवारी लुवेनमध्ये उतरणं म्हणजे लोंढ्याच्या उलटं पोहणं. सगळे विद्यार्थी चाकांच्या बॅगा खडखडवत स्टेशनाकडे, आठवड्याचे कपडे घेऊन घरी निघालेले.

विद्यापीठ १४२५ चं. पहिला पैसा कोणाचा हे सरांनी विचारायच्या आत आम्ही ग्रंथालयासमोर पोहोचलो, आणि त्या इमारतीने दुसरंच उत्तर दिलं. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने जुनं ग्रंथालय जाळलं. नवं १९२८ मध्ये उभं राहिलं ते मुख्यतः अमेरिकन देणग्यांतून. भिंतीवरच्या दगडांवर देणाऱ्या शाळा-महाविद्यालयांची नावं कोरलेली आहेत. आम्ही नावं वाचत इमारतीला पूर्ण फेरी घातली. ज्या शाळेतल्या मुलांनी हे गाव कधी बघितलं नसेल त्यांची नावं आहेत तिथे. १९४० मध्ये ते पुन्हा जळलं, पुन्हा बांधलं. मग भाषेवरून भांडण पेटलं आणि १९६८ नंतर विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. डच बोलणारे इथे राहिले, फ्रेंच बोलणाऱ्यांनी नवं गावच वसवलं. पुस्तकं कशी वाटायची? बरीचशी सम आणि विषम क्रमांकांवरून. मासिकांचे संच त्यामुळे फुटले असं सांगतात. दोन महायुद्धांनी केलं नाही ते भावकीने केलं.

उद्योगाचं बोलायचं तर लुवेनचं मर्म एका कचेरीत आहे. १९७२ मध्ये, म्हणजे युरोपातल्या बाकीच्या विद्यापीठांना हे सुचण्याच्या बऱ्याच आधी, यांनी संशोधन बाहेर नेणारी कचेरी काढली आणि एक साधी गोष्ट केली: प्राध्यापकांचा गट करार करून जो पैसा आणतो तो त्या गटाच्या खात्यात राहतो. विद्यापीठ आपला वाटा कापून घेतं आणि बाकीचा गट पुढच्या संशोधनाला किंवा कंपनी काढायला वापरतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची गरज उरत नाही. इतर अनेक ठिकाणी प्राध्यापक सल्लागारीचं काम गुपचूप करतात आणि विद्यापीठ गुपचूप डोळेझाक करतं. इथे सगळं वहीत.

गावाबाहेर इमेक आहे. फ्लॅन्डर्स सरकारच्या पैशाने १९८४ मध्ये सुरू झालेली चिप संशोधनाची संस्था, विद्यापीठाच्याच कुशीतून निघालेली. एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेले चिपनिर्माते इथे एकाच धूळमुक्त खोलीत एकत्र पैसे घालून पुढच्या पिढीचं तंत्र शोधतात आणि मग आपापल्या घरी जाऊन भांडतात. आत जायची परवानगी आम्हाला मिळाली नाही. बाहेरून बघितलं. बाहेरून ती इतर कुठल्याही काचेच्या इमारतीसारखीच दिसते.

दिवस सहावा, शनिवार

ब्रसेल्स, समुद्राखालचा बोगदा, लंडनचं सेंट पँक्रास. शेफिल्डची गाडी तिथूनच सुटते, ही त्यातल्या त्यात सोय. सरांचे पाय दुखत होते. झोपलो.

दिवस सातवा, रविवार : शेफिल्ड

पाऊस. लाल विटांची फर्थ कोर्ट ही इमारत. पोलाद कारखानदार मार्क फर्थ यांनी १८७९ मध्ये या गावात कॉलेज काढलं, ते या विद्यापीठाचं एक मूळ. "झालं, कारखानदार," सर म्हणाले, पण घाई झाली. कॉलेजचं विद्यापीठ करायला पैसे कमी पडत होते तेव्हा १९०४-०५ मध्ये गावात भित्तिपत्रकं लागली. कामगाराच्या पोराच्या आवाक्यात उच्च शिक्षण येईल, स्थानिक उद्योगाला मदत होईल, अपघात आणि रोग यांवरच्या उपचारांचा अभ्यास इथे होईल, अशी कारणं छापून पैसे मागितले होते. पोलादाच्या भट्ट्यांवरच्या, खाणींतल्या, कारखान्यांतल्या लोकांनी एकेक पेनी टाकली. विद्यापीठ सांगतं की त्यातून ५०,००० पौंडांहून अधिक जमले.

मला त्या यादीतला अपघातांचा मुद्दा सोडवेना. कारखानदाराला विद्यापीठाकडून चांगलं पोलाद हवं होतं. भट्टीवरच्या माणसाला भाजल्यावर वाचवणारं कोणीतरी हवं होतं. दोघांनी एकाच पेटीत पैसे टाकले.

या गावाचा सर्वांत नावाजलेला शोध मात्र विद्यापीठाबाहेरचा. १९१३ मध्ये न गंजणारं पोलाद काढणारा हॅरी ब्रिअर्ली पोलाद वितळवणाऱ्या कामगाराचा मुलगा. फारसं शिक्षण नाही. दोन पोलाद कंपन्यांनी मिळून चालवलेल्या प्रयोगशाळेत तो काम करायचा. आणि हक्क कोणाचा यावरून त्याचं मालकांशी बिनसलं, तो नोकरी सोडून गेला. शोध कोणाचा हा प्रश्न विद्यापीठांनी निर्माण केलेला नाही.

दिवस आठवा, सोमवार : शेफिल्ड, ऑरग्रीव्ह

बसने गावाबाहेर. आता तिथे नीटनेटके रस्ते, नवी घरं आणि लांबलचक चकचकीत शेड आहेत. १८ जून १९८४ रोजी याच ऑरग्रीव्हला दगडी कोळशाचा कोक बनवणाऱ्या कारखान्यासमोर संपावरचे खाणकामगार आणि घोड्यांवरचे पोलीस यांची गाठ पडली होती. संप हरला, खाणी गेल्या, कोकची भट्टी गेली. २००१ मध्ये शेफिल्ड विद्यापीठ आणि बोइंग यांनी मिळून प्रगत उत्पादन संशोधन केंद्र काढलं, ते याच जमिनीवर वाढलं. विमानांच्या टायटॅनियमच्या भागांना अधिक वेगाने कसं कापायचं, हा इथला मूळ प्रश्न. एका शेडमध्ये यंत्रं माणसाच्या दुप्पट उंचीची, आणि समोर उभी असलेली पोरं सतरा-अठरा वर्षांची. हे पीएचडीवाले नाहीत, शिकाऊ कामगार. कंपनी पगार देते, विद्यापीठाचं केंद्र शिकवतं. हुशार विद्यापीठाने शिकाऊ कारागीर शिकवायचे का, यावर इंग्लंडमध्ये नाकं मुरडणारे कमी नसतील. मला मात्र इथे पेनी देणाऱ्यांचा पणतू दिसला. कदाचित मला तो बघायचाच होता.

बोइंगने २०१८ मध्ये युरोपातला आपला पहिला उत्पादन कारखाना शेफिल्डमध्येच काढला. म्हणजे संशोधन आधी, कारखाना सतरा वर्षांनी. सतरा वर्षं! माझे करार तीन वर्षांचे असतात.

संध्याकाळी एका शिक्षकाने ब्रिटिश विद्यापीठांची दुखरी नस दाखवली. सरकार दर काही वर्षांनी संशोधनाचं मूल्यमापन करून त्यावर निधी वाटतं. २०१४ पासून त्यात 'समाजावर परिणाम' हा भाग आला, तेव्हा २० टक्के वजनाने, २०२१ मध्ये २५ टक्के. मग प्रत्येक विभाग आपल्या परिणामाच्या गोष्टी लिहायला बसतो. "परिणाम घडवणारा एक, तो लिहून काढणारे चार," तो म्हणाला. सरांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. एकवीस फायली.

दिवस नववा आणि दहावा : केंब्रिज

मे महिना, परीक्षा सुरू. कॉलेजांच्या दारांवर पाट्या: शांतता राखा, आज प्रवेश नाही. ज्या गावाच्या बौद्धिक मोकळेपणाची इतकी कीर्ती ऐकली तिथे आम्ही दोन दिवस बंद दारांपुढे फिरलो.

सायन्स पार्कला दार नाही, ते बघून झालं. १९७० मध्ये ट्रिनिटी कॉलेजने आपल्या जमिनीवर ते काढलं. जमीन कॉलेजकडे १५४६ पासून, म्हणजे आठव्या हेन्रीने कॉलेज स्थापून जायदाद दिली तेव्हापासून. हेन्रीच्या या देणग्यांमागे मठांकडून काढून घेतलेली संपत्ती होती. दुसऱ्या महायुद्धात या मैदानावर नॉर्मंडीला जायचे रणगाडे तयार व्हायचे. पहिला पैसा मठांचा, म्हणजे केंब्रिज कसं चालेल सांगा, असं मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "मठासारखं." आणि खरंच, बाकीच्या देशांत कचेऱ्या, करार, टक्केवाऱ्या होत्या, इथे बराच काळ धोरण म्हणजे कोणी काही विचारायचं नाही हे होतं. माणसं एकमेकांना ओळखत आणि जेवणाच्या टेबलावर गोष्टी ठरत. पॅन्टन आर्म्स नावाच्या पबमध्ये १९९७ मध्ये दोन रसायनशास्त्रज्ञांच्या, शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांच्या, गप्पांतून डीएनए झपाट्याने वाचायची कल्पना पुढे सरकली. १९९८ मध्ये सोलेक्सा कंपनी, २००७ मध्ये ती इल्युमिना या अमेरिकी कंपनीने घेतली. आज जगभर जीनोम वाचले जातात ते मोठ्या प्रमाणावर या रीतीने. पबमध्ये आम्ही बसलो. साधा पब आहे. शेजारच्या टेबलावर फुटबॉलची चर्चा.

या ढिलाईची किंमतही इथेच दिसते. १९७५ मध्ये सेसार मिलस्टाइन आणि गेओर्ग कोहलर यांनी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इथल्या प्रयोगशाळेत एकसारखी प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, हवी तेवढी तयार करायची रीत काढली. पेटंटचं बघणाऱ्या सरकारी यंत्रणेला कळवलं होतं. तिला यात लगेच उपयोगी पडेल असं काही दिसलं नाही. पेटंट झालंच नाही. आज कर्करोगापासून संधिवातापर्यंतची कितीतरी औषधं त्या रीतीवर उभी आहेत. ब्रिटनमध्ये हे प्रकरण अनेक वर्षं दाखला म्हणून सांगितलं गेलं: बघा, असं होतं! पुढे प्रयोगशाळेने कान टोचून घेतले. प्रतिपिंडांच्या नंतरच्या शोधांची पेटंटं झाली आणि २०१३ मध्ये उघडलेल्या तिच्या नव्या इमारतीत त्या स्वामित्वशुल्काचा पैसा आहे. पण पेटंट न झाल्यामुळे ती रीत जगातल्या हर प्रयोगशाळेत फुकट पोहोचली, हेही खरंच ना? कोपनहेगनचं यीस्ट असंच पोहोचलं होतं. तिथे ते ठरवून दिलं, इथे ते हातातून सुटलं. घेणाऱ्याला त्यात फरक कळला नसेल.

सर म्हणाले, "तुझं मत काय?" मी म्हटलं, मला अजून मत नाही. त्यांना ते आवडलं.

दिवस अकरावा, गुरुवार

शिकागोपर्यंत विमान, मग तीन तास बस. बसमध्ये एक बाई दोन सशांचा पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती. एवढंच आठवतंय.

दिवस बारावा, शुक्रवार : मॅडिसन

विस्कॉन्सिन राज्याचं कॅपिटॉल, म्हणजे विधिमंडळाची इमारत, आणि राज्याचं विद्यापीठ समोरासमोर आहेत. मधला सरळ रस्ता चालून जाता येतो. या भूगोलातच इथलं राजकारण आहे. बॅस्कम टेकडीवर दोन पाट्या. एक १८९४ च्या ठरावाची. अर्थशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड इली संपांना आणि कामगार संघटनांना चिथावतात असा आरोप झाला, चौकशी बसली. नियामक मंडळाने त्यांना निर्दोष ठरवून लिहिलं की सत्य ज्यामुळे सापडतं ते निर्भय चाळणं आणि पाखडणं या विद्यापीठाने सतत चालू ठेवावं. धान्य पाखडतात तोच शब्द. सुपाची भाषा ब्राँझमध्ये! शेतकऱ्यांच्या राज्याला दुसरा शब्द सुचणारही नव्हता.

दुसरी पाटी २०१९ ची. ही जागा हो-चंक या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांची आहे आणि १८३२ च्या तहात ती त्यांना बळाने सोडावी लागली, असं तीत नोंदलंय. १८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेतल्या राज्यांना शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या कॉलेजांसाठी जमिनी दिल्या, विकून भांडवल उभं करायला. त्या जमिनी कोणाच्या होत्या? सर बराच वेळ पाटीसमोर उभे राहिले. पहिला पैसा कोणी दिला, हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला नाही.

इथल्या 'विस्कॉन्सिन कल्पने'चं सार असं की विद्यापीठाची हद्द म्हणजे राज्याची हद्द. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइस यांनी राज्यातल्या प्रत्येक घरापर्यंत विद्यापीठ पोहोचायला हवं असा ध्यास धरला. राज्यात ७२ काउंट्या आहेत आणि शेती विस्तार सेवा त्यांत पसरलेली. २०१५ मध्ये राज्यपालांच्या अर्थसंकल्पाच्या मसुद्यात विद्यापीठाच्या कायद्यातले 'सत्याचा शोध' हे शब्द खोडून राज्याला लागणारं मनुष्यबळ पुरवणं असे शब्द घातलेले आढळले. गदारोळ उठला. मसुदा करताना चूक झाली असं सांगून शब्द परत आले.

इथल्या व्हिटॅमिन डीची गोष्ट मी वाचून आले होते, पण अर्धीच. हॅरी स्टीनबॉक यांनी १९२० च्या दशकात शोधलं की अन्नावर अतिनील किरण टाकले की त्यात मुडदूस घालवणारं जीवनसत्त्व तयार होतं. क्वेकर ओट्सने लाखो डॉलर देऊ केले. त्यांनी नाकारले, स्वतःच्या पैशाने पेटंटचा अर्ज केला, आणि १९२५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी 'वॉर्फ' ही स्वतंत्र संस्था काढली. पेटंट तिचं, नफा विद्यापीठाच्या संशोधनाला. संशोधकाची नजर प्रयोगावर राहावी आणि सौदा दुसऱ्याने करावा, ही कल्पना पुढे देशभर पसरली. १९८० चा बे-डोल कायदा झाला आणि सरकारी पैशाने झालेल्या संशोधनाची पेटंटं ठेवायचा हक्क सगळ्याच विद्यापीठांना मिळाला. उरलेली अर्धी गोष्ट अशी, की वॉर्फने मार्गरिन बनवणाऱ्यांना परवाना दिला नाही. का? विस्कॉन्सिन हे लोण्याचं राज्य. मार्गरिन हे गरिबाचं लोणी, आणि मुडदूस होणारी मुलंही बहुतेक त्याच घरांतली. १९४० च्या दशकात खटल्यात ही पेटंटं रद्दबातल झाली, तेव्हा न्यायालयाने या नकारावरही बोट ठेवलं. समाजाची सेवा करायची म्हटली की 'कोणत्या समाजाची' हे कुणीतरी ठरवतंच. इथे ते दूधवाल्यांनी ठरवलं.

दिवस तेरावा, शनिवार : मॅडिसन

सकाळी कॅपिटॉलभोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो. सरांनी तिथेच थांबायचं ठरवलं. मी एकटी निघाले. मला एक दार बघायचं होतं.

१९३३ चा फेब्रुवारी, असाच शनिवार, हिमवादळ. एड कार्लसन नावाचा शेतकरी सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त, आणि ज्याच्यावर त्याचा संशय होता तो बुरसटलेला स्वीट क्लोव्हरचा चारा. पशुवैद्यकीय कचेरी शनिवार म्हणून बंद. शोधत शोधत तो जीवरसायनशास्त्राच्या इमारतीत शिरला आणि कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक त्या दिवशी त्याला चारा बदल एवढंच सांगू शकले. कॅन मात्र ठेवून घेतला. चाऱ्यातलं द्रव्य वेगळं करायला सहा-सात वर्षं लागली. त्याच्या भाऊबंदांतून १९४८ मध्ये उंदरांचं विष निघालं आणि त्या संशोधनाला पैसे पुरवणाऱ्या वॉर्फच्या नावावरून वॉर्फरिन हे नाव पडलं. १९५४ मध्ये तेच माणसांचं रक्त पातळ ठेवणारं औषध झालं. पुढच्या वर्षी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं. त्या शेतकऱ्याने करार केला नव्हता. त्याच्याकडे द्यायला पैसा नव्हता, शिष्टमंडळ नव्हतं, फोटोग्राफर तर नव्हताच. सरांच्या सिद्धांतात त्याला कुठे बसवायचं ते मला कळेना.

जीवरसायनशास्त्राच्या जुन्या इमारतीत जॉन स्ट्यूअर्ट करी यांची भित्तिचित्रं आहेत, विषयच जीवरसायनाच्या संशोधनाने समाजाला काय दिलं हा. ती बघावी म्हणून दारापाशी गेले. दार बंद. शनिवार. कार्ड लावल्याशिवाय उघडणार नाही असं सांगणारा लाल दिवा.

मी काचेतून आत बघत उभी राहिले. दहा मिनिटांनी सायकलचं शिरस्त्राण हातात घेऊन एक मुलगा बाहेर आला. दार त्याने पायाने अडवून धरलं आणि विचारलं, "काही आणलंय का तुम्ही?" नमुने घेऊन येणारी माणसं त्याने पाहिलेली असावीत. मी म्हटलं, नाही, नुसती बघायला आलेय. "मग या आत," म्हणाला आणि दार माझ्या हातात देऊन निघून गेला.